पाचशे सोळाव्या अंकाचं मधलं पान

कागदाची घडी घालताना मधे बघायचं नसतं. कड कडेवर बसवायची, मध्य आपोआप सापडतो. हे सांगायला घडीबाईंना अर्धं मिनिट लागायचं. शिकणाऱ्याला वर्ष लागायचं. बरेचजण त्याआधीच दुसरी नोकरी बघायचे.

करदात्यांच्या संघाचं मासिक त्रेचाळीस वर्षं निघत होतं. कर कसा भरावा, पैसे कुठे गुंतवावेत, कुठे अजिबात गुंतवू नयेत, विम्याच्या कागदात काय वाचावं, नोटीस आली तर घाबरण्याआधी काय करावं, असा सगळा मजकूर. सभासद सहा हजार दोनशे. अंक फक्त त्यांच्यासाठी, बाहेर विकत मिळायचा नाही. त्रेचाळीसपैकी चौतीस वर्षं हा अंक घडीबाईंच्या हातांखालून गेला होता. त्या आल्या होत्या तीन दिवसांच्या बदलीवर. आधीच्या बाइंडरला गालगुंड झालं होतं. तो बरा होऊन परत आला, त्याने टेबल बघितलं, बांधलेले गठ्ठे बघितले आणि संपादकांना म्हणाला, "मला दुसरं काही काम असेल तर द्या."

पगारपत्रकावर घडीबाईंचं वेगळं नाव होतं. ते महिन्यातून एकदाच वापरात यायचं.

त्यांची खोली संघाच्या कार्यालयाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. लांबट, एका खिडकीची. खाली बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे खिडकी उघडली की आम्लाचा वास यायचा आणि बंद केली की सरसाचा. मधोमध जस्ताचा पत्रा ठोकलेलं टेबल. टेबलावर घडी दाबायची हाडाची पट्टी. ती मुळात सरळ होती. चौतीस वर्षांत एका बाजूने झिजून अंगठ्याच्या मापाची झाली होती. मदतीला धाकटी जाऊ. ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची, बोलायची खूप आणि घडी घालायची तासाला सातशे.

दर महिन्याच्या सात तारखेला, दुपारी चारच्या आत, अंक टपाल कार्यालयाच्या खिडकीवर पोचलाच पाहिजे, असा संघाचा टपालखात्याशी ठराव होता. पाचशे पंधरा अंक निघाले. एकही चुकला नव्हता. घडीबाईंच्या मुलीचा जन्म नऊ तारखेचा. जाऊ सगळ्यांना सांगायची, "पोरगी पोटातूनच शहाणी. सात तारीख टाळून आली."

घडीबाईंच्या यजमानांनी बसच्या कार्यशाळेत तीस वर्षं ब्रेक बसवले होते. आता कंबरेला पट्टा लावून घरी असायचे, आणि जेवताना चिमटा काढायचे.

"सहा हजार कर भरणाऱ्यांची सेवा करतेस, आणि आपल्याला कर बसण्याइतकं कधी मिळालं नाही."

"मिळालं असतं तर तुम्हीच पहिले रडत बसला असता, किती कापले म्हणून."

"निदान रडायला कारण तरी झालं असतं."

"ब्रेक लावा आता. आमटी सांडतेय."

वर्षातला एक अंक सगळ्यांत महत्त्वाचा. त्या अंकाच्या मधल्या जोडपानावर नव्या वर्षाच्या करदरांचा तक्ता असायचा. अंक चाळीस पानी; मधोमध विसावं आणि एकविसावं पान. तेवढं पान सभासद पिना उचकटून बाहेर काढायचे आणि भिंतीला लावायचे. दात काढणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात ते होतं, मोटार शिकवणाऱ्या शाळेत होतं, हार्डवेअरच्या दुकानात शटरच्या आतल्या बाजूला होतं. वर्षभर लोक त्याच्याकडे बघून हिशेब करायचे. बाकी अंक कुणी वाचो न वाचो, ते पान चुकून चालणार नव्हतं.

म्हणून ते तपासायची रीत ठरलेली होती. थोरले साहेब आणि धाकटे साहेब तपासायचे. हे भाऊ नव्हेत. दोघेही कर खात्यातून निवृत्त झालेले, एक तीन महिने आधी, म्हणून थोरले. एकाने छापायचं पान हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला "जुळलं" म्हणायचं. मग अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. मधे फळ्यांची भिंत होती, त्यामुळे घडीबाईंना सगळं ऐकू यायचं. दर वर्षी पाच-सहा चुका निघायच्या आणि त्या कुणामुळे झाल्या यावर भांडण व्हायचं. त्या वर्षी वीस मिनिटांत काम आटोपलं.

"एकही चूक नाही!" थोरले साहेब म्हणाले.

"पहिल्यांदाच," धाकटे साहेब म्हणाले.

दोघांनी चहा मागवला. तिथेच शंका यायला हवी होती.

छापखानेवाल्याने त्या महिन्यात नवं मशीन आणलं होतं. घड्या घालणं, पानं एकात एक बसवणं, पिना मारणं, कडा कापणं, सगळं तेच करायचं. अंक घडीबाईंच्या खोलीत तयारच आला. त्यांच्याकडे उरलं मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात पत्त्याची लेबलं लावणं, आणि टपालाच्या विभागांप्रमाणे पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधणं. एकशे चोवीस गठ्ठे. मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. दर दहाव्या गठ्ठ्यातून एक अंक काढायचा, मधे उघडायचा, दोन्ही पिना बरोबर घडीवर बसल्यात का बघायचं आणि परत ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. बघायच्या त्या पिना. मजकूर बघणं हे त्यांचं काम नव्हतं.

मंगळवारी, पाच तारखेला, दुपारी साडेतीनला त्यांनी एकशे विसाव्या गठ्ठ्यातला अंक उघडला. पिना ठीक होत्या. अंक मिटताना मुखपृष्ठ वर आलं. त्यावर जाड अक्षरांत होतं: 'आता सात टप्पे! तक्ता मधल्या पानावर.' चार दिवस लेबलं लावताना हे शब्द डोळ्यांसमोरून हजारो वेळा गेले होते. घडीबाईंनी अंक परत उघडला. तक्त्याच्या ओळींवरून हाडाची पट्टी एकेक करत खाली आणली.

"काय मोजताय, जाऊबाई?"

"टप्पे."

"तुम्हाला कशाला हवेत? आपल्याला तर पहिलाच टप्पा लागत नाही."

"वर लिहिलेत सात. आत सहा आहेत."

जाऊने आपल्या हातातला अंक उघडून मोजलं. सहाच होते.

अंक मिटून गठ्ठ्यात ठेवला असता तर घडीबाईंना कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. त्यांनी तो काखेत मारला आणि संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक बँकेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे. दोन्ही साहेबही तिथेच होते.

"हा तक्ता कशावरून तपासलात?" घडीबाईंनी विचारलं.

"फाइलवरून," थोरले साहेब म्हणाले. "का?"

"फाइल बघू."

धाकट्या साहेबांनी फाइल आणली. वरच नव्या दरांचं सरकारी पत्रक होतं, बारीक टाइपाचं. त्याखाली गेल्या वर्षीचा अंक, मधल्या पानावर उघडून ठेवलेला. साहेबांच्या बोटाचे ठसे अंकावर होते. पत्रक कोरं करकरीत होतं.

संपादकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. छापखान्यातल्या माणसाने गेल्या वर्षीचं पान समोर ठेवून त्यात नवे आकडे भरायचे होते. ते भरायचे राहून गेले होते. जुनं पान जसंच्या तसं छापलं गेलं होतं.

"आणि तुम्ही ते जुन्या अंकाशीच ताडून बघितलंत?" संपादक म्हणाले.

"अक्षर मोठं होतं हो त्याचं," थोरले साहेब हळूच म्हणाले.

"म्हणजे चुकीचा तक्ता चुकीच्या तक्त्याशी जुळवला."

"शंभर टक्के जुळला," धाकटे साहेब सवयीने बोलून गेले आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

खजिनदारांना बोलावलं. हे रंगांचे घाऊक व्यापारी. त्यांच्या अंगाला नेहमी टर्पेंटाइनचा वास यायचा आणि त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक झटपट उपाय असायचा.

"घाबरायचं काय त्यात? हा अंक जाऊ दे. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापा. चार ओळींचं."

"शुद्धिपत्र कोण भिंतीला लावतं?" घडीबाई म्हणाल्या. "हे पान परवा टपालात पडेल आणि आठवड्याभरात सहा हजार भिंतींवर चढेल. मग वर्षभर खाली उतरायचं नाही. तुमच्या चार ओळी कुणी बघणार नाही."

"मग दोन दिवस उशीर करू. त्रेचाळीस वर्षांत एकदा झाला तर काय आभाळ कोसळतं?"

"उशीर नाही."

"अहो बाई, छापलेत, शिवलेत, कापलेत, लेबलं लावलीत, गठ्ठे बांधलेत. आता काय जादू करणार?"

"जादू कशाला? मधलं पान आहे, हे नशीब. तिसरं-चौथं असतं तर मी पण हात टेकले असते." त्यांनी अंक टेबलावर उघडा धरला. "पिनेचे पाय इथे आतल्या बाजूला मिटलेत. ते उभे करायचे, हे पान वर उचलायचं, नवं ठेवायचं, पाय परत मिटायचे. नवख्या माणसाला एका अंकाला दोन मिनिटं. सरावल्यावर सव्वा. मला उद्या अकरापर्यंत नवी पानं द्या आणि वीस माणसं द्या."

"वीस माणसं आणायची कुठून?"

"सहा हजार सभासद आहेत ना तुमचे? गावातच सातशे राहतात. लेबलं मीच लावते, मला माहीत आहे."

संपादक उठून फोनकडे गेले. "काय सांगू त्यांना?"

"नखं कापून या म्हणावं. आणि येताना घरून एकेक चमचा आणा."

बुधवारी सकाळी आठ वाजता घडीबाई छापखान्यात होत्या. या खेपेला दोन्ही साहेबांनी नवा तक्ता सरकारी पत्रकाशी ताडला, भिंग घेऊन. टप्पे सात भरले. शंभर जास्तीची धरून सहा हजार तीनशे पानं छापून झाली, आणि छापखानेवाला ती कापायला निघाला.

"कुठल्या मापाने कापतोयस?" घडीबाईंनी विचारलं.

"अंकाच्या. माप ते माप."

"चुकलं. सव्वा मिलिमीटर आखूड काप. दोन्ही बाजूंनी."

"बाई, मी एकवीस वर्षं छापतोय."

घडीबाईंनी छापखान्यात पडलेल्या एका रद्दी अंकातलं मधलं पान काढून मुखपृष्ठावर पसरलं. दोन्ही बाजूंना मुखपृष्ठाची बारीक पांढरी रेघ उघडी राहिली. घडीच्या पोटात घडी बसते तेव्हा आतलं पान बाहेर सरकतं, आणि तिन्ही कडा एकदम कापल्या की तेवढंच ते आखूड होतं. छापखानेवाल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. मशीन आल्यापासून त्याने त्याचा विचार करणं सोडलं होतं.

"पूर्ण मापाने कापलंस तर प्रत्येक अंकाची जीभ बाहेर लोंबेल," घडीबाई म्हणाल्या.

त्याने पट्टी सरकवली.

अकरा वाजता पानं खोलीत आली. जाऊ खिडकीपाशी बसली आणि घड्या घालायला लागली. तिने विचारलं एवढंच, "सगळ्या मीच?" घडीबाई म्हणाल्या, "सगळ्या तूच." एक वाजता सभासद आले. एकवीसजण. निवृत्त मुख्याध्यापिका, मोटार शिकवणारा, दातांचे डॉक्टर, कापडवाला, दोन हिशेबनीस, आणि बाकीचे निवृत्त. प्रत्येकाच्या हातात चमचा. कापडवाल्याने चांदीचा आणला होता.

घडीबाईंनी एकदा करून दाखवलं. चमच्याच्या दांड्याने दोन्ही पिनांचे चार पाय उभे केले, पान सरळ वर उचललं, नवं पान पायांवर ठेवून अंगठ्याने दाबलं. पाय कागदातून वर आले. ते आत मिटले, चमच्याचं पोट वरून फिरवलं. जुनं पान टेबलाखालच्या खोक्यात टाकलं.

"ओढायचं नाही. उचलायचं. ओढलं की फाटतं. आणि गठ्ठा फोडलात तरी अंकांचा क्रम मोडायचा नाही, नाहीतर एकाचा अंक दुसऱ्याच्या गल्लीत जाईल. गठ्ठा झाला की चिठ्ठीवर सही करा."

पहिल्या तासात सगळ्यांनी मिळून तीनशे अंक केले आणि बत्तीस नवी पानं फाडली. घडीबाई प्रत्येकाच्या मागे उभ्या राहायच्या.

"डॉक्टर, दात नाही उपटायचा तो. सावकाश."

"रुग्ण ओरडत नाही, त्यामुळे कळत नाही किती जोर लावायचा."

"मी ओरडते ना. बाई, तुमचं छान चाललंय, पण नवं पान उलटं ठेवताय."

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षांत मला कुणी चूक दाखवली नव्हती."

"दाखवायला घाबरले असतील. पुढचा घ्या."

खजिनदार बघायला आले होते. दारात उभे राहून त्यांनी तीन सूचना केल्या. घडीबाईंनी त्यांच्या हातात चमचा दिला. दुसऱ्या तासाला त्यांच्या अंगठ्याला फोड आला, तिसऱ्या तासाला ते सूचना करायचे थांबले, आणि चौथ्या तासाला कापडवाल्याशी पैज लावून बसले की आपला गठ्ठा आधी होईल. आता खोलीत नुसता पिनांचा टिकटिक आवाज होता आणि जाऊचं बोलणं. तासाला आठशे अंक व्हायला लागले होते.

सहा वाजता त्रेसष्ट गठ्ठे झाले. एकसष्ट उरले. घडीबाईंनी चमचे खाली ठेवायला सांगितलं.

"थांबायचं कशाला? आता कुठे हात बसलाय," खजिनदार म्हणाले. "दिवे आहेत की. मी सगळ्यांसाठी जेवण मागवतो."

"हात बसला तेव्हाच उठायचं असतं. दमलेला हात पान फाडतो आणि फाडलंय हे सांगत नाही. उद्या आठ वाजता या."

घरी यजमानांनी त्यांचे अंगठे बघितले आणि कार्यशाळेतल्या सवयीने ग्रीस काढलं.

"होईल?" त्यांनी विचारलं.

"हात चांगले आहेत. तोंडं जरा जास्त चालतात."

"आणि नाही झालं तर?"

"तर पाचशे पंधरावर थांबलो, असं म्हणेन. पण म्हणणार नाही."

गुरुवारी आठ वाजता एकवीसच्या एकवीस हजर होते, वर मुख्याध्यापिकांची बहीण. जाऊची शेवटची घडी अकराला पडली. तिने पट्टी खाली ठेवली, बोटं मोडली आणि म्हणाली, "सहा हजार तीनशे. कुणी मोजणार असेल तर मोजा." साडेबाराला एकशे चोविसावा गठ्ठा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या थांबवा," थोरले साहेब म्हणाले. दोन दिवस ते खाली मान घालून काम करत होते, पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "बाहेर काढलेली जुनी पानं मोजल्याशिवाय एकही गठ्ठा हलवायचा नाही. सहा हजार दोनशे भरली पाहिजेत."

कुणी कुरकुर केली नाही. ही माणसं आयुष्यभर बेरजा जुळवत आली होती. खोके पालथे केले, पन्नास-पन्नासच्या थप्प्या लावल्या. दोन्ही साहेबांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांकडे न बघता. सव्वा वाजता आकडे समोर ठेवले.

सहा हजार एकशे नव्याण्णव. दोघांचेही.

सहा हजार एकशे नव्याण्णव ठिकाणी खरं पान होतं, आणि एका कुठल्यातरी अंकात खोटं.

"एकच ना," डॉक्टर म्हणाले. "एका माणसाला पत्र लिहू."

"कुठल्या माणसाला?" खजिनदार उसळले. "अंगठा गेलाय माझा यात! एकसुद्धा जाऊ द्यायचं नाही."

धाकटे साहेब नवी पानं मोजत होते. "थांबा. नवी आली सहा हजार तीनशे. फाटली सदतीस. शिल्लक त्रेसष्ट. म्हणजे अंकांत सहा हजार दोनशे गेली, बरोबर. नवं सगळीकडे बसलंय, जुनं एका ठिकाणचं निघालं नाही. तो अंक सुटला नाही. त्यात दोन्ही पानं आहेत."

थोरल्या साहेबांनी मान हलवली. "पण एकशे चोवीस गठ्ठे परत सोडून बघायला तीन तास लागतील. तोवर चार वाजून जातील."

घडीबाईंनी हात पुसले.

"सोडायचे नाहीत. दोन्ही पानं असतील तर पिनेचे पाय पुरे वर आले नसणार. मिटले नसणार. पाठ फुगलेली असेल. सगळे गठ्ठे पाठ वर करून लावा. आणि बोलू नका."

बावीसजणांनी गठ्ठे टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर ओळीने मांडले. घडीबाईंनी डोळे मिटले नाहीत की काही नाटक केलं नाही. एका टोकाने सुरू केलं. तळहात गठ्ठ्यावर ठेवायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचा, पुढचा. एका गठ्ठ्याला सात-आठ सेकंद. चाळिसाव्या गठ्ठ्यापाशी थांबल्या, परत हात फिरवला आणि पुढे गेल्या. साठ. सत्तर. जाऊसुद्धा बोलत नव्हती. नव्वद. खाली दुकानात कुणीतरी बॅटरी आपटली तेव्हा सगळे दचकले, घडीबाई सोडून.

एक्याण्णवाव्या गठ्ठ्यावर तळहात अर्ध्यावर थांबला. त्यांनी दोरी सैल न करता दोन बोटांनी एक अंक वर खेचून काढला आणि मधे उघडला. वर सात टप्पे, खाली सहा. पिनेचा एक पाय अर्धवट वर आलेला.

जो ओरडा झाला तो ऐकून बॅटरीवाला जिना चढून वर आला.

खजिनदारांनी गठ्ठ्यावरची चिठ्ठी ओढली. "सही कुणाची आहे बघू दे."

"बघू नका," थोरले साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझी आहे. चहा आला होता तेव्हा."

"साहेब," घडीबाई म्हणाल्या, "सभासदाला निवडायला दोन दर ठेवलेत होय?"

पहिले हसले ते धाकटे साहेब. मग थोरले साहेब स्वतःच असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. घडीबाईंनी तोवर जुनं पान काढलं, पाय मिटले, अंक जागेवर घातला. उरलेल्या तेहेतीस गठ्ठ्यांवरूनही हात फिरवला. आकडा जुळला होता, पण काम अर्धं सोडायचं नसतं.

खजिनदारांचा रंगाचे डबे नेणारा टेम्पो खाली उभा होता. एकवीस माणसं, एक बहीण आणि एक बॅटरीवाला अशी जिन्यावर साखळी झाली. गठ्ठा हातातून हातात खाली गेला. पावणेचारला सात मिनिटं असताना टेम्पो टपाल कार्यालयाच्या दारात थांबला. खिडकीवरच्या कारकुनाने वर बघितलं. दर महिन्याला दोन बायका यायच्या. आज दारात मोर्चा उभा होता, प्रत्येकाच्या खिशातून चमचा डोकावत होता.

"आज काय विशेष?" त्याने विचारलं.

"काही नाही," घडीबाई म्हणाल्या. "सात तारीख आहे."

त्याने पोचपावतीवर शिक्का मारला. पाचशे सोळा. मुख्याध्यापिकांनी त्याच्यासमोरच घडीबाईंना मिठी मारली, आणि खजिनदारांनी फोड आलेला अंगठा सगळ्या रांगेला दाखवला, जणू पदक मिळालंय.

पुढच्या आठवड्यात संघाच्या कार्यकारिणीने घडीबाईंना बोलावलं. संपादकांना त्यांच्यावर लेख लिहायचा होता. खजिनदारांना त्यांना मानद सभासद करायचं होतं. घडीबाई उभ्याच राहिल्या.

"लेख नको. वाचणारे विचारतील, चूक काय झाली होती. आणि सभासद होऊन मला काय मिळणार? अंक तर माझ्याच हातून जातो."

"मग काय देऊ, बाई? काहीतरी मागा," संपादक म्हणाले.

त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "छापायला जाण्याआधी पानं माझ्या टेबलावर आली पाहिजेत. सगळी. साहेबांनी तपासल्यानंतर. मी बघून सही केल्याशिवाय छापखान्याने मशीन चालवायचं नाही."

खजिनदार खुर्चीत सरसावून बसले. चौतीस वर्षं टेबलाच्या शेवटच्या टोकाला असलेलं माणूस आता सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं म्हणत होतं. त्यांनी तोंड उघडलं, अंगठ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"मी पाठिंबा देतो," थोरले साहेब म्हणाले.

"जुळलं," धाकटे साहेब म्हणाले.

महिनाअखेरीला दोन्ही साहेब पानांचं भेंडोळं घेऊन मागच्या खोलीत आले. घडीबाई एका सभासदाचे वर्षभराचे अंक शिवत होत्या. दोरा ओवलेला होता, म्हणून त्यांनी वर न बघता स्टुलाकडे बोट दाखवलं. स्टूल एकच होतं. साहेब आलटून पालटून बसले. शिवण संपली, गाठ मारली, दोरा कापला. मग घडीबाईंनी हात धुतले, पुसले, आणि चाळीसच्या चाळीस पानं एकेक करून बघितली. पाऊण तास लागला. दोनदा मागे गेल्या, एकदा खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं.

शेवटच्या पानाखाली त्यांनी सही केली. घडीबाई अशी नाही. पगारपत्रकावरचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"आता छापा," त्या म्हणाल्या.